मोठ्या बाईंना अंधारात ठेवायचे आहे

नववीच्या सेहेचाळीस मुलांपैकी एकेचाळीस जणांनी चाचणीत एकच वाक्य लिहिलं होतं: 'वनस्पती दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात व रात्री श्वसन करतात.' उरलेल्या पाचांतले तिघं त्या दिवशी गैरहजर होते, एकाने प्रश्नच सोडून दिला होता आणि एकीने लिहिलं होतं, 'वनस्पतींचं मला नक्की माहीत नाही, पण मी दोन्ही वेळा श्वसन करते.' विज्ञानाच्या सरांनी त्या मुलीला पूर्ण गुण दिले आणि डोक्याला हात लावून बसले.

कारण ही चूक मुलांची नव्हती, चूक होती त्या 'व'ची. दिवसा हे व रात्री ते, असं वाक्य एकदा कानाला गोड लागलं की मग झाड दिवसभर श्वास रोखून बसतं की काय, असा प्रश्न कुणालाच पडत नाही. सरांनी ठरवलं की आता तोंडाने बडबड बास. झाड समोर ठेवायचं, पान उकळायचं, आयोडीन घालायचं आणि जे काय आहे ते मुलांच्या डोळ्यांना दाखवायचं.

सरांचा स्वभाव गरीब. शाळेत येऊन तीन वर्षं झाली होती, पण अजून तात्पुरते होते. तात्पुरत्या माणसाला सगळं तात्पुरतंच मिळतं. स्टाफरूममध्ये त्यांच्या वाट्याला जी खुर्ची आली होती तिचा एक पाय आखूड होता, कपाटातला सगळ्यात खालचा खण त्यांचा होता, आणि चहाची किटली त्यांच्यापर्यंत येईतो तिच्यात चहापेक्षा चहाची पावडरच जास्त उरलेली असायची. कायम झाल्याची ऑर्डर वरच्या कार्यालयातून यायची होती. सर दर महिन्याला विचारायचे आणि मुख्याध्यापिका दर महिन्याला म्हणायच्या, "येईल हो. घाई काय आहे?"

घाई मुख्याध्यापिकांना नव्हती, सरांना होती. घरी बायको, चार वर्षांची मुलगी आणि घरमालक, जो दर भेटीत 'मग, झालात का कायम?' असं जावयाची चौकशी केल्यासारखं विचारायचा. शेवटी बायकोने हट्टच धरला आणि सरांनी गावाच्या दुसऱ्या टोकाच्या एका शाळेत गुपचूप अर्ज टाकला. तिकडून मुलाखतीचं पत्रही आलं. शनिवारी सकाळी दहा वाजता.

"बाईंना सांगून टाका," बायको म्हणाली.

"आणि तिकडे नाही झालं तर? इथलंही जायचं. शुक्रवारी त्या माझा पाठ बघायला बसणार आहेत. तो बरा झाला तर कदाचित वरती चांगलं लिहितील."

"म्हणजे शुक्रवारपर्यंत तोंड बंद."

"अगदी बंद," सर म्हणाले, आणि ते पत्र त्यांनी दप्तराच्या आतल्या कप्प्यात, जुन्या प्रश्नपत्रिकांच्या खाली सरकवलं.

आता मुख्याध्यापिकांविषयी. त्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणत असे. त्या इतिहास शिकवायच्या आणि त्यामुळे त्यांचं ठाम मत होतं की जगात जे काही बिघडतं ते कुणीतरी कुणापासून काहीतरी लपवल्यामुळे बिघडतं. पण त्या सरळ विचारायच्या नाहीत. विचारलं की माणूस खोटं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. त्यापेक्षा आपल्याला सगळं माहीत आहे असा चेहरा करून समोर बसावं, माणूस आपण होऊन बोलतो. हा चेहरा त्यांना उत्तम जमायचा.

याच मोठ्या बाईंनी वर्षाच्या सुरुवातीला प्रयोगशाळेला जास्वंदीच्या दोन कुंड्या भेट दिल्या होत्या. नववीच्या मुलांनी लगेच त्यांची बारशी उरकून टाकली. थोरली कुंडी दाराशी होती आणि तिची एक फांदी अशी वाकली होती की आत येणाऱ्याला वाटावं, कोण उशिरा आलं ते ही बघते आहे. तिचं नाव पडलं मोठ्या बाई. धाकट्या कुंडीची पानं दुपारी दोननंतर माना टाकायची, म्हणून ती झाली क्लार्कभाऊ. सरांनी पहिल्या दिवशी मुलांना थोडं रागावून पाहिलं. पण नावं ठेवल्यापासून पाणी घालायला मुलं भांडू लागली, तेव्हा सर गप्प बसले, आणि महिन्याभराने तर स्वतःच म्हणू लागले, "अरे, मोठ्या बाईंवर मावा पडलाय, जरा फडक्याने पुसून काढा."

प्रयोगाची पद्धत ठरलेली असते. झाड आधी दोन-तीन दिवस अंधारात ठेवायचं, म्हणजे पानांत साठवलेलं पिष्ट ते खाऊन संपवतं. मग उन्हात काढायचं, एका पानावर काळ्या कागदाची पट्टी लावायची आणि काही तासांनी बघायचं, नवीन पिष्ट कुठे झालं आणि कुठे नाही. मंगळवारी शाळा सुटल्यावर सरांनी थोरली कुंडी प्रयोगशाळेतल्या मोठ्या लाकडी कपाटात ठेवली, कुलूप-किल्ली हातात घेतली आणि वर्गाच्या मॉनिटर मुलीला सूचना सांगितल्या. "स्वच्छ अक्षरात लिही आणि दारावर लाव. उगाच कुणी कपाट उघडायला नको."

मॉनिटरचं अक्षर सुरेख होतं आणि तितकंच मोठं होतं. एका कागदावर पाचच ओळी मावल्या. उरलेल्या चार ओळींचा दुसरा कागद तिने सर कुलूप लावायच्या आतच कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला होता, कारण बाहेर मानवी सांगाड्याचा तक्ता टांगलेला होता आणि जागा नव्हती. बाहेरच्या कागदावर असं लिहिलं होतं:

'१. मोठ्या बाईंना शुक्रवार सकाळपर्यंत पूर्ण अंधारात ठेवायचे आहे.
२. क्लार्कभाऊ नेहमीप्रमाणे उजेडात राहतील.
३. काय चालले आहे याचा मोठ्या बाईंवर एक किरणही पडता कामा नये.
४. तोपर्यंत त्यांच्यातला सगळा साठा संपेल.
५. शुक्रवारी मोठ्या बाईंना बाहेर काढायचे.'

तिसऱ्या ओळीतलं 'काय चालले आहे याचा' हे मॉनिटरने स्वतःच्या मनाने घातलं होतं. नुसतं 'किरण' तिला कोरडं वाटलं. निबंधात तिला नेहमी पहिला नंबर मिळायचा.

बुधवारी सकाळी फेरीवर असताना मोठ्या बाईंनी हा कागद वाचला. एकदा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग त्या शांतपणे आपल्या खोलीत आल्या आणि दार लावून घेतलं. सरांना हे सगळं पुढे कळलं, पण आपण आत्ताच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचे दोन दिवस सरांबरोबर आपणही बुचकळ्यात पडायचो.

बाईंनी विचार केला. अंधारात ठेवायचं, हे कळलं. बाहेर काढायचं, हेही चांगलंच कळलं. क्लार्क सामील आहे, हे तर लिहूनच ठेवलं होतं. फक्त तो 'साठा' कुठला, ते कळेना. त्यांनी उठून आपल्या कपाटातले खडूंचे खोके बघितले. खडू भरपूर होते. याचा अर्थ प्रकरण खडूंपेक्षा खोल होतं. त्यांनी घंटा वाजवली आणि शिपाईकाकांना आत बोलावलं.

"काका, बसा. मला सगळं कळलंय."

काका बावीस वर्षं शाळेत होते आणि या बावीस वर्षांत त्यांना कुणी 'बसा' म्हटलेलं नव्हतं. ते खुर्चीच्या कडेवर टेकले आणि दोन मिनिटांत गळाठले.

"बाई, माझी बस चुकते हो. पाच दहाची गेली की मग थेट सहा वाजता. म्हणून फक्त सहा मिनिटं."

"कसली सहा मिनिटं?"

"घड्याळ पुढे करतो दुपारी. सकाळी येऊन परत मागे करतो, शाळेचं नुकसान व्हायला नको म्हणून."

बाईंच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. आठ वर्षं आपण घड्याळ बघून घरी जातो आणि घरचं घड्याळ नेहमी मागे का असतं म्हणून ते तीनदा दुरुस्तीला टाकतो, हे त्यांना त्या क्षणी उमगलं. "लेखी द्या," त्या म्हणाल्या.

दुपारपर्यंत खेळाचे सर आत जाऊन आले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या गळ्यातली शिट्टी पाठीवर गेली होती. बाईंच्या खोलीत काचेच्या कपाटात एक कप होता. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तो दाखवला जायचा आणि त्यावर बाई दहा मिनिटं जिद्द या विषयावर बोलायच्या. खेळाच्या सरांनी कबूल केलं की अंतिम सामन्यात समोरचा संघ आलाच नव्हता. त्यांची बस बिघडली होती. आपली मुलं अर्धा तास मैदानात उभी राहिली, मग पंचांनी कप देऊन टाकला.

मग गणिताच्या बाई. त्यांनी डोळ्याला रुमाल लावून सांगितलं की गेली सात वर्षं सहामाहीची प्रश्नपत्रिका तीच आहे. "अगदी तीच नाही. पहिल्या वर्षी सायकल होती, मग मी बस केली. मागच्या वर्षी आगगाडी."

सगळ्यात शेवटी क्लार्क. हा माणूस पक्का निघाला. "मला सगळं कळलंय," असं बाई तीनदा म्हणाल्या, आणि त्याने तिन्ही वेळा एकच उत्तर दिलं. "मी कुणाला एक शब्द बोललेलो नाही बाई. तुम्ही सांगितलंत त्या दिवसापासून तोंड उघडलेलं नाही." बाईंनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं आणि त्याला जायला सांगितलं.

बुधवारी चारच्या चहाला स्टाफरूममध्ये सुतकी शांतता होती. सर आपल्या आखूड पायाच्या खुर्चीत येऊन बसले.

"काय झालं हो?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," खेळाचे सर म्हणाले. "कुणीतरी चुगल्या केल्यात."

"कुणी?"

"आता कुणी ते काय सांगायचं. ज्याला आत बोलावलं नाही त्याने केल्या असतील."

सर मान डोलावणार तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की आख्ख्या स्टाफरूममध्ये आत न बोलावलेले असे आपण एकटेच आहोत. चहाची किटली त्या दिवशी त्यांच्यापर्यंत आलीच नाही. चहा नेहमी कमी मिळतो याची त्यांना सवय होती, पण अजिबात न मिळण्यातला फरक त्यांना कळला, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं. तीन वर्षांत आपण या माणसांच्या किती तासिका सांभाळल्या, याचा हिशेब त्यांनी मनातल्या मनात केला आणि पुसूनही टाकला.

गुरुवारी परिस्थिती आणखी बिघडली. स्पिरिटचा दिवा मागायला गेले तर काकांनी कानावर हात ठेवले. "दिवा? मला नाही माहीत. बाईंना विचारा. तुमचं त्यांच्याशी बरं आहे." गणिताच्या बाईंनी शुक्रवारची दुपारची तासिका, जी आनंदाने बदलून दिली होती, ती आनंदाने परत मागितली. सरांनी हातापाया पडून ती वाचवली. आणि क्लार्क, जो एरवी सरांच्या नमस्काराला मानेने उत्तर द्यायचा, तो स्वतः उठून जवळ आला, सरांच्या खांद्यावर हात ठेवला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मुख्याध्यापिकांच्या दाराकडे बघितलं आणि तोंड मिटून निघून गेला.

आता मात्र सर हिशेब जुळवू लागले. बाई प्रत्येकाला आत बोलावून 'मला सगळं कळलंय' म्हणतायत. क्लार्क खांद्यावर हात ठेवतोय. म्हणजे अर्जाचं फुटलं.

"अर्जाचं फुटलंय," त्यांनी घरी गेल्या गेल्या चप्पल काढायच्या आत बायकोला सांगितलं.

"कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. म्हणून तर. मला एकट्यालाच बोलावलं नाही. पाठ झाल्यावर बोलावणार. आधी पाठ बघणार आणि मग नारळ देणार."

बायको मुलीला भात भरवत होती. ती म्हणाली, "अहो, पण तुम्ही चोरी नाही केलीत. तीन वर्षं वाट बघितलीत. उद्या विचारलं तर सरळ सांगा, हो, केला अर्ज."

"तू आहेस म्हणून ठीक आहे," सर म्हणाले, आणि न जेवताच मोड आलेले वाटाणे बघायला गेले. ते उद्यासाठी ओल्या फडक्यात बांधून ठेवले होते. वाटाणे मजेत होते.

शुक्रवारी सकाळी साडेसातला सरांनी कपाट उघडून कुंडी बाहेर काढली. दुसरा कागद दाराला आतून चिकटलेला होता, तो त्यांनी पाहिला आणि दार लावून टाकलं. एका पानाला काळ्या कागदाची पट्टी लावली, कुंडी उन्हात ठेवली आणि वर्गाला सक्त ताकीद दिली, "आज मोठ्या बाई मागच्या बाकावर बसणार आहेत. आज कुंडीला कुंडीच म्हणायचं. कळलं?"

"कोणत्या बाई, सर?" मागून कुणीतरी विचारलं.

"खऱ्या."

दुपारच्या सुट्टीनंतर पाठ सुरू झाला. मोठ्या बाई मागच्या बाकावर वही उघडून बसल्या होत्या. चेहरा तोच, सगळं माहीत असल्याचा. सरांनी पान तोडलं, उकळत्या पाण्यात घातलं, मग स्पिरिटच्या परीक्षानळीत घालून ती गरम पाण्यात धरली. स्पिरिट आचेवर थेट का धरत नाहीत, हे सांगितलं. पानाचा हिरवा रंग उतरून स्पिरिटमध्ये गेला आणि पान फिकट, केविलवाणं झालं. त्यावर आयोडीनचे थेंब पडले. उघडा भाग काळानिळा झाला. पट्टीखालचा भाग नुसताच तांबूस राहिला. मुलं बाकांवर चढून बघू लागली आणि सर आपली नोकरी, अर्ज, शनिवार सगळं विसरले.

"उजेड मिळाला तिथे पिष्ट झालं. नाही मिळाला तिथे नाही झालं. बरोबर? आता मला सांगा, तीन रात्री आणि दोन दिवस ही कुंडी कपाटात होती. तिथे तिचं प्रकाशसंश्लेषण?"

"बंद," वर्ग म्हणाला.

"आणि श्वसन?"

सरांनी टेबलावरच्या दोन बाटल्या पुढे केल्या. दोन्हीत मोड आलेले वाटाणे होते. एक बाटली सकाळपासून खिडकीत होती, एक काळ्या फडक्यात गुंडाळलेली. दोन्हींतून नळी निघून चुन्याच्या निवळीत गेली होती. सरांनी फडकं सोडलं. श्वसनातून आलेल्या कार्बन डायऑक्साइडने दोन्ही निवळ्या दुधासारख्या झाल्या होत्या, उजेडातलीही आणि अंधारातलीही.

"म्हणजे श्वसन कधी चालतं?"

मॉनिटर उभी राहिली. तिला इतकं आतून कळलं होतं की ताकीद वगैरे तिच्या डोक्यातून साफ उडाली. "चोवीस तास, सर. थांबतच नाही. मोठ्या बाईंना आपण अंधारात ठेवलं तरी त्या श्वास घेतच होत्या. आतला साठा वापरून. आणि उन्हात काढल्यावर त्यांनी नवीन साठा केला, पण श्वास तेव्हाही घेतच होत्या. झाडं दिवसा श्वसन करत नाहीत हे चूक आहे."

"शाबास," सर म्हणाले आणि मग त्यांना ऐकू आलं की मुलगी काय म्हणाली.

मागच्या बाकावरून आवाज आला. "मोठ्या बाई म्हणजे कोण गं?"

"थोरली कुंडी, बाई," मॉनिटर रडवेली होऊन म्हणाली.

"आणि क्लार्कभाऊ?"

"धाकटी. ती खिडकीत होती."

"अस्सं. मग बाहेर काढायचं म्हणजे?"

"उन्हात, बाई. पुढचं कपाटाच्या आत लिहिलंय. पान उकळायचं वगैरे."

मोठ्या बाईंनी वही मिटली. थोरल्या कुंडीकडे एकदा वाकून बघितलं. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले, झाडं फक्त रात्रीच श्वास घेतात," आणि उठून निघून गेल्या. पाच मिनिटांनी काका आले. "सर, आत बोलावलंय."

सर आत गेले तेव्हा बाईंच्या टेबलावर तीन लेखी कबुलीजबाब एकावर एक ठेवलेले होते आणि त्यांवर काचेचा पेपरवेट. काचेच्या कपाटातला कप भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. बाई हसू दाबत होत्या, पण सरांना ते दिसलं नाही. सर खाली बघत होते.

"सर," बाई म्हणाल्या, "मला सगळं कळलंय."

सरांनी एक श्वास घेतला. "हो बाई. केला मी अर्ज. मुलाखत उद्या दहाला आहे. तुम्हाला सांगायला हवं होतं, पण तिकडे झालं नसतं तर इथूनही गेलो असतो, म्हणून नाही सांगितलं. मला इथून जायचं नाही. पण घरी मी काय सांगू? तीन वर्षं येईल येईल म्हणून सांगतोय. मला आता लाज वाटते सांगायची."

"कसला अर्ज?" बाई म्हणाल्या.

सरांनी वर बघितलं. बाईंचा चेहरा बदलला होता. तो सगळं माहीत असलेला चेहरा कुठेतरी गेला होता आणि त्याच्या जागी एक साधी, दमलेली बाई बसली होती. "मी कुंडीबद्दल म्हणत होते," त्या म्हणाल्या.

त्यांनी टेबलाचा खालचा ड्रॉवर उघडला, एक लिफाफा काढला आणि सरांच्या पुढे सरकवला. कायम केल्याची ऑर्डर होती. सरांनी नाव वाचलं, शिक्का बघितला आणि मग तारखेवर त्यांची नजर थांबली.

"बाई, ही पाच आठवड्यांपूर्वीची आहे."

"हो. क्लार्कला मीच गप्प बसायला सांगितलं होतं. कायम झाला की माणूस सुस्तावतो, असं मी पाहिलंय. म्हटलं, आधी एक चांगला पाठ करवून घ्यावा. मग द्यावी."

"मी अर्ज चार आठवड्यांपूर्वी केला."

सरांना आनंद झाला होता, आणि रागही आला होता. दोन्ही इतके एकदम आले की कोणता आधी दाखवावा ते कळेना. शेवटी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा वरिष्ठांसमोर आवाज थोडा चढवला. "पाच आठवडे, बाई. माझ्या बायकोने या पाच आठवड्यांत घरमालकाला तोंड चुकवलंय. मुलीच्या शाळेचं ठरवायचं होतं, तेही थांबवलंय."

"चुकलं माझं," मोठ्या बाई म्हणाल्या. "जाणार आहात का उद्या?"

सरांनी ऑर्डर पुन्हा वाचली. "नाही."

तिथूनच त्यांनी घरी फोन लावला. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "ऑर्डर तुमच्या हातात आहे की अजून ड्रॉवरमध्ये?" हातात आहे म्हटल्यावर ती रडायला लागली, आणि सरांना खिडकीकडे तोंड करून उभं राहावं लागलं.

ते वळले तेव्हा बाई कोऱ्या कागदावर काहीतरी लिहीत होत्या. "सगळ्यांकडून लेखी घेतलंय," त्या म्हणाल्या. "मग माझंही असू दे. जाता जाता स्टाफरूमच्या फळ्यावर लावा."

नववीच्या वर्गातून कुंड्यांची गोष्ट तोवर शाळाभर झाली होती. सर स्टाफरूममध्ये शिरले तेव्हा खेळाचे सर उठून उभे राहिले आणि त्यांनी स्वतःची चांगली खुर्ची पुढे केली. काकांनी किटली थेट सरांपासूनच सुरू केली. सरांनी कागद फळ्यावर टाचला आणि सगळे वाचायला गोळा झाले. बाईंच्या टोकदार अक्षरात लिहिलं होतं: 'सरांना मी पाच आठवडे अंधारात ठेवले. चूक माझी.' खाली सही आणि शिक्का.

गणिताच्या बाईंनी ते दोनदा वाचलं. "ही तिसरी कुंडी कधी आणली?"

"पाच आठवडे?" खेळाचे सर म्हणाले. "अहो, मरेल की हो ती."

सरांनी कपात चहा ओतून घेतला. ऑर्डर त्यांच्या वरच्या खिशात होती आणि तिथे हात नेऊन त्यांनी ती एकदा चाचपून बघितली.

"नाही मरत," ते म्हणाले. "साठा असेल तोवर तग धरते." मग त्यांनी खुर्ची ओढली आणि चहा गरम आहे तोवर प्यायला सुरुवात केली.